हाताला झेंडू, तोंडाला गणित

आमच्या आणि थेट्यांच्या मध्ये कंपाउंडची एक भिंत आहे, कमरेएवढी. आमच्या हिचं म्हणणं, भिंत उंच करून घ्या, बरं दिसत नाही. मी म्हणतो सिमेंट महाग झालंय. खरं कारण तिलाही ठाऊक आहे. विम्याचा धंदा करणाऱ्याला माणसांची खबर ठेवावी लागते, आणि मखमलाबाद शिवारात थेट्यांच्या शेडइतकी खबर दुसरीकडे कुठे मिळत नाही.

पत्र्याची लांब शेड. दुपारी तिथे झेंडूचा ढीग पडतो, शेजारी शेवंतीच्या जाळ्या, आणि सगळं घर सुई-दोरा घेऊन बसतं. सकाळी पंचवटीच्या फुलबाजारात जे हार लागतात ते आदल्या दुपारी इथे ओवले जातात. शेडचा कायदा एकच, तो यशोदाबाईंनी केलेला: इथं रिकाम्या हाताने बसायचं नाही. पाहुणा असो, जावई असो, त्याच्यापुढे आधी सुई येते, मग चहा. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने दोन हार ओवून दिले होते.

यशोदाबाई म्हणजे थेट्यांची सून मैना, तिची सासू. त्यांचा जगात कोणावर विश्वास नाही. दूधवाला म्हणाला ताजं आहे, की "कशावरून?" मुलगा नवनाथ म्हणाला भाव पडला, की "कशावरून?" मी एकदा सहज म्हणालो, "मावशी, तब्येत झकास दिसते हं आता." माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत म्हणाल्या, "कशावरून?" त्यानंतर मी त्यांच्या तब्येतीची चौकशी बंद केली.

अशा घरात मैना सून म्हणून आली ती कळवणहून, बीएस्सीची दोन वर्षं करून. विषय गणित. तिसरं वर्ष लग्नात गेलं. मग लेक झाली, मग सासरे गेले, मग द्राक्षं काढून फुलं लावली, आणि मैनाचं गणित ट्रंकेत तळाला जाऊन बसलं. लेक शाळेत जायला लागली तेव्हा तिने एक दिवस नवनाथला सांगितलं, मला ती पदवी पुरी करायची आहे. नवनाथ हा माणूस दिवसाला मोजकेच शब्द बोलतो. तो म्हणाला, "कर."

कॉलेजने पुन्हा घेतलं, तिने बाकीचे विषय काढलेही. एक राहिला: ॲनालिसिस. आता ॲनालिसिस म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी सांगतो, कारण मी भिंतीवरून बराच ऐकलाय. आपण शाळेत जे गणित करतो त्यात उत्तर आलं की सुटलो. ह्यात उत्तर आधीच सांगतात, आणि ते खरं का, हे पटवून द्यायला लावतात. म्हणजे सुनेच्या जातीचंच काम.

त्यातून अडचण अशी की पुढच्या सालापासून अभ्यासक्रम बदलणार होता. ह्या खेपेला विषय निघाला तर पदवी, नाहीतर पहिल्या वर्षापासून सगळं नव्याने. आणि यशोदाबाईंनी आपली तारीख वेगळी दिली होती: "या साली झालं तर झालं. नायतर ती पुस्तकं मी सोता रद्दीवाल्याला घालीन." रस्त्यापलीकडच्या शाळेने मैनाला सांगून ठेवलं होतं, ताई, पदवी घ्या, बीएड करा, आम्हाला गणिताला माणूस मिळत नाही. तेव्हा एका पेपरावर बरंच काही अडकलं होतं.

सरांची परवानगी काढून ती नव्या मुलांबरोबर तासाला बसायला लागली. सकाळी बाजारात माल उतरवून थेट कॉलेजात. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि सगळी पोरं उभी राहिली, नवीन मॅडम आल्या समजून. मैना म्हणे वळून मागे बघायला लागली, कोण आलं ते. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पदराला झेंडूच्या पाकळ्या. शेजारच्या बाकावरच्या पोरीने एक पाकळी उचलून दिली आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला एप्सिलॉन-डेल्टा कळतं?"

ती संजना. सातपूरच्या कॉलनीतली, वडील सरकारी कचेरीत कारकून, पोरगी हुशार आणि जिभेला धार. तिच्यासोबत नांदगावचा ललित, जवळच खोली घेऊन राहणारा. त्याचं डोकं चांगलं पण घाई फार. हे दोघं, आणि त्यांच्या मागून येणारी आणखी दोघं-तिघं. एप्सिलॉन-डेल्टा म्हणजे ह्या विषयात पोरांना छळणारी ग्रीक अक्षरं, आणि मैनाला ती कळत होती. इतकी कळत होती की एका आठवड्यात पोरं दुपारची शेडमध्ये यायला लागली.

आता मला सांगा, भरदुपारी कॉलेजची पोरं थेट्यांच्या शेडमध्ये रोज जातात, हे पाहून शेजाऱ्याने काय करावं? मी आपलं कर्तव्य केलं. चार ठिकाणी सांगितलं की मैनाने शिकवणी उघडली आहे, फी म्हणून हार ओवून घेते. दोन दिवसांत दहावीच्या मुलांचे आईबाप चौकशीला आले. एकाने तर विचारलं, आमच्या बाळूला फुलांची ॲलर्जी आहे, त्याला रोख फी चालेल का? मैनाने भिंतीशी येऊन मला हात जोडले. "भाऊ, तुमच्या पाया पडते, तोंड आवरा."

पोरांनाही कायदा लागू झाला. यशोदाबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "शिका, माझं काय नाय. पर हात चालला पायजे." मग झालं काय, वह्या पिशवीत राहिल्या. सुई हातात असली की पेन धरता येत नाही. सगळं गणित तोंडी. हाताला झेंडू आणि तोंडाला गणित, असा तो कारभार.

आणि खरं सांगतो, ऐकायला मजा यायची. एके दिवशी ललितने विचारलं, "ताई, एका सिक्वेन्सला दोन लिमिट का नसतात? पुस्तकात दिलंय, पण डोक्यात जात नाही."

मैनाने दोऱ्याला गाठ मारली. "हे बघ. सिक्वेन्स म्हणजे आकड्यांची रांग. एकामागून एक चाललेत. लिमिट म्हणजे त्यांचं घर. घराभोवती तू कुंपण घाल, हवं तेवढं बारकं घाल. काही आकडे सोडले की पुढचे सगळेच्या सगळे कुंपणाच्या आत. एकही बाहेर भटकायचा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आता म्हण की घरं दोन आहेत. दोन्हींना कुंपणं घाल, एकमेकांना न लागणारी. काही वेळाने सगळी रांग ह्या कुंपणात. आणि काही वेळाने सगळी त्या कुंपणात. मग मला सांग, ती आहे कुठे?"

मला राहवलं नाही. भिंतीवरून म्हणालो, "मैना, आपल्या गल्लीत एक जण आहे, त्याची दोन घरं आहेत. त्याचं बरं जमतं?"

"भाऊ, तो कन्व्हर्ज होत नाही," मैना म्हणाली. "नुसता हेलपाटे घालतो."

पोरं इतकी हसली की ललितने सुई बोटात घुसवून घेतली. तेवढ्यात यशोदाबाईंनी मान वर केली. त्यांना लिमिट कळत नव्हतं, पण कुंपण कळत होतं. दिराशी बांधावरून त्यांचं वर्षानुवर्षं वाजलेलं.

"कुंपणं एकमेकाला लागणार नायत, कशावरून?"

"आत्या, दोन घरांत जेवढं अंतर आहे, त्याच्या निम्म्याहून कमी जागा एकेकाला द्यायची. मग कशी लागतील?"

यशोदाबाईंनी हातातल्या हाराकडे बघत जरा विचार केला. "आन् दोन घरं एकाच जागी असली तर?"

"तर ती दोन नाहीतच की, आत्या. एकच घर झालं."

"हां," म्हणाल्या आणि पुढचं फूल ओवलं.

संजनाने ललितला कोपर मारलं. "बघितलं? सरांनी हेच फळ्यावर लिहिलं होतं. तू तेव्हा मोबाईल बघत होतास."

असा हिवाळा गेला. रोज संध्याकाळी पोरं आपापल्या घरी जायची आणि दुपारभर तोंडी झालेलं वहीत उतरवून काढायची. मैना चुलीकडे जायची. पहाटे तोडणीला रानात, मग बाजार, मग कॉलेज, दुपारी शेड, मग स्वयंपाक, लेकीचा अभ्यास. पेन तिच्या हाताला लागायचं ते बाजारात हिशेब टाकायला. तिला वाटत होतं, आपला अभ्यास उत्तम चाललाय. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. मीसुद्धा दोन ठिकाणी सांगून आलो होतो की थेट्यांची सून पहिली येणार.

मार्चात कॉलेजने सराव परीक्षा घेतली. संजना वर्गात पहिली. ललितही चांगला पास. त्यांच्यासोबतची पोरं पास. ज्यांना मैनाने शिकवलं ती सगळी पास, आणि मैना नापास. थोडीथोडकी नाही, सणसणीत नापास.

त्या दुपारी मी भिंतीवर वाळत घातलेला टॉवेल तीनदा उलटा केला, पण एक शब्द ऐकू येईना. शेवटी संजनाने सरांकडून मागून आणलेला मैनाचा पेपर उघडला आणि वाचायला लागली. पेपर इंग्रजीत, तेव्हा ती मराठी करून सांगत होती.

"ताई, हे काय लिहिलंय? 'दोन कुंपणं घ्या. रांग दोन्हींत आहे. हे शक्य नाही. म्हणून सिद्ध झालं.' संपलं?"

"बरोबर आहे की," मैना म्हणाली. "तेच तर आहे."

"ताई, हे उत्तर नाही. हा व्हॉट्सॲपचा मेसेज आहे. कुंपण केवढं? एकमेकांना का लागत नाही? दोन्ही कुंपणांत एकाच वेळी आहे ते कधीपासून? सरांनी प्रत्येक ओळीला प्रश्नचिन्ह टाकलंय."

"पण हे सगळं मला येतं! तुम्हालाच तर सांगितलं मी!"

"हो, कारण आम्ही विचारलं. नाहीतर आजींनी विचारलं." संजनाने पेपर मिटला. "इथे कोणीतरी अडवतं, म्हणून तुम्ही सांगता. कागद अडवत नाही ना, ताई. तो गप्प बसतो, आणि तुम्हाला वाटतं त्याला पटलं."

मैना चिडली की कळवणच्या बोलीत शिरते. "हाई काय शे? इतकं समजावी सांगं, तरी..." म्हणाली. ती उठून फुलांच्या जाळ्या उगाच ह्या बाजूच्या त्या बाजूला लावत राहिली. डोळे पुसले का, ते मला भिंतीवरून दिसलं नाही, आणि जे दिसलं नाही ते मी सांगत नाही.

ललितने मग यशोदाबाईंशी थेट बोलायचं ठरवलं. पोराला घाई, आणि धाडसही तेवढंच.

"आजी, ताईंना रोज दुपारी लिहायला बसू द्या. परीक्षेपर्यंत. हाताने लिहिल्याशिवाय हे होणार नाही."

"आन् हार?"

"आम्ही ओवतो ना त्यांच्या वाटचे."

"तू?" यशोदाबाई म्हणाल्या. "तुझ्या हारात दोरा जास्ती आन् फुलं कमी. लगीनसराई तोंडावर आलीया. नवरदेवाच्या गाडीवर काय तुझा दोरा सोडू?"

"आजी, शेवटची संधी आहे त्यांची."

"शेवटची हाय, मग आजवर काय केलं? रोज तर बडबड चालली व्हती. तिला येतं म्हनं. कशावरून येतं? कागदावर तर आलं नाय."

नवनाथ शेडच्या दाराशी उभा होता. तो टेम्पोच्या चाकाकडे बघत राहिला. आईविरुद्ध बोलायचं तर शब्द जास्त लागतात, तेवढे त्याच्याकडे नसतात. मैना खाली मान घालून ओवत होती. मला वाटलं, झालं, आता रद्दीवाला.

तेव्हा संजना पुढे सरकली आणि अगदी गोड आवाजात तिने विचारलं, "आजी, ताईंवर तुमचा विश्वास नाही ना?"

"नाय," यशोदाबाई म्हणाल्या. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही.

"मग तुम्हीच बसा त्यांच्यासमोर. त्या एक ओळ लिहितील आणि तुम्हाला मराठीत वाचून दाखवतील. तुम्हाला पटली नाही तर अडवायचं. तुम्हाला पटल्याशिवाय दुसरी ओळ लिहायची नाही."

यशोदाबाईंची सुई थांबली. "दर ओळीला अडवायचं?"

"दर ओळीला."

"आन् तिनं उलट बोलायचं नाय?"

"उलट नाही, उत्तर द्यायचं."

मी पैज लावून सांगतो, नाशिक जिल्ह्यात आजवर कुठल्या सासूला असा परवाना मिळालेला नसेल. यशोदाबाईंनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं, ह्यात काही फसवाफसवी आहे का म्हणून. मग हातातली सुई ललितपुढे धरली. "धर. आन् गाठ दोनदा मार."

दुसऱ्या दिवसापासून शेडमधली बैठक बदलली. एका बाजूला गणिताची पोरं फुलात गुडघाभर. दुसऱ्या बाजूला पाटावर मैना, मांडीवर वही, आणि समोर पाय लांब करून यशोदाबाई. त्यांनी हातातलं ओवणं सोडलं नव्हतं हं, कायदा म्हणजे कायदा. पण कान मैनाकडे.

"समजा, फंक्शन कंटिन्युअस आहे..."

"समजा का? कुनी सांगितलं समजायला?"

"आत्या, प्रश्नातच दिलंय."

"मग दिलंय म्हन. समजा काय म्हनती?"

मैनाने 'समजा' खोडून 'दिलेलं आहे' लिहिलं. पलीकडे संजना पुटपुटली, "बरोबर आहे आजींचं."

सगळेच प्रश्न असे सोन्याचे नसायचे. एकदा त्यांनी अर्धा तास वाद घातला की एक्सच का, दुसरं अक्षर का नाही. एकदा 'अनंत' ह्या शब्दाला अडून बसल्या. "संपतच नाय म्हंजे? कशालातरी शेवट असंल की." मैनाने सांगितलं, तुम्ही कितीही मोठा आकडा सांगा, मी त्यात एक मिळवते. यशोदाबाईंनी खरोखर आकडे सांगायला सुरुवात केली. संध्याकाळ होईपर्यंत सांगत होत्या. मैना एकेक मिळवत होती. शेवटी म्हणाल्या, "तू लय हट्टी हाय," आणि मैनाने तो पुरावा पटल्याची खूण म्हणून पुढची ओळ लिहिली.

हारांची मात्र दैना. ललितने ओवलेला एक हार नवरदेवाच्या गाडीवर चढला आणि वरात हॉलला पोचायच्या आत वाटेतच सुटला. गाडीमागून झेंडूची लांबलचक रेघ. वधूपित्याने बाजारात येऊन नवनाथला सगळ्यांदेखत झापलं. मला ही बातमी नाश्त्याच्या आधी मिळाली होती. मी दुपारी भिंतीशी खुर्ची टाकूनच बसलो, आता यशोदाबाई पोरांना बाहेर काढणार आणि मैनाला परत सुईला जुंपणार. मैनालाही तेच वाटलं असावं. तिने आल्या आल्या वही बाजूला ठेवली आणि सुईला हात घातला.

यशोदाबाईंनी तिच्या हातावर चापट मारली. "तुझं तू कर." मग ललितला हाक मारली. "ए नांदगाव! हिकडं ये. बस इथं. गाठ कशी मारतात ती बघ. आता तू मार. ही सुटनार नाय, कशावरून?"

ललितने दोरा ओढून दाखवला. सुटला. पोरं हसली. त्याने पुन्हा मारली. त्या दिवशी ललितला तेवढी गाठ येईपर्यंत कोणी हलू दिलं नाही. एका कानात सासू-सुनेचा ॲनालिसिस आणि हातात गाठ, असं ते पोरगं घामाघूम झालं. पण त्यानंतर थेट्यांचा हार सुटल्याची तक्रार माझ्या कानावर नाही, आणि असती तर आलीच असती.

परीक्षेच्या सकाळी नवनाथ टेम्पो घेऊन बाजारात, म्हणून मैनाला मी माझ्या स्कूटरवर सोडलं. एरवी मागे बसून गप्पा मारणारी बाई, कॉलेजच्या फाटकापर्यंत स्वतःशीच ओळी पुटपुटत आली. मी म्हणालो, "मैना, दोन घरांचा प्रश्न आला तर माझं नाव घालू नको." तेव्हा कुठे हसली.

तो प्रश्न आलाच नाही. पेपर सुटल्यावर मी न्यायला गेलो तेव्हा फाटकाबाहेर लिंबू-सरबताच्या गाडीपाशी संजना आणि ललित मैनाला घेरून उभे होते, आणि ललित जवळजवळ ओरडत होता.

"ताई, असं कोणी लिहितं का!"

काय लिहिलं होतं ते मला संजनाने सांगितलं. मोठ्या मार्कांचा एक प्रश्न होता. मैनाला सगळा येत होता, मधली एक पायरी सोडून. ती खरी आहे हे ठाऊक, पण का खरी ते आठवेना. तिने काय करावं? तिथे सरळ लिहिलं: 'ही पायरी मला सिद्ध करता आलेली नाही. ती खरी धरून पुढे जात आहे.' आणि पुढचं सगळं पूर्ण केलं.

"तिथे फक्त 'हे उघड आहे' असं लिहायचं असतं!" ललित म्हणाला. "सगळी पुस्तकं तेच लिहितात! तपासणारा घाईत असतो, त्याच्या लक्षातही आलं नसतं. तुम्ही तर त्याला बोट लावून दाखवलंत!"

"उघड नव्हतं रे मला," मैना म्हणाली. "मी लिहायला घेतलं होतं ते. पेनच पुढे जाईना."

"आणि मार्क गेले तर?" संजनाने विचारलं. तिच्या आवाजातली धार गेली होती. "ताई, तेवढ्यावरच अडलं तर?"

मैनाने सरबताचा ग्लास न पिताच परत ठेवला आणि स्कूटरकडे निघाली. घरी येताना स्कूटरवर मागे इतकी शांतता की मी दोनदा वळून बघितलं, उतरली की काय म्हणून.

यशोदाबाई दारातच होत्या. आतून माझी इच्छा अशी की त्यांना आत्ताच काही कळू नये, आणि पोटात मावत नव्हतं म्हणून बाहेरून मीच सांगून टाकलं. काय करणार, स्वभाव. मैनाने माझ्याकडे असं बघितलं की मी हेल्मेट परत चढवलं.

यशोदाबाईंनी सगळं ऐकलं. मग सुनेला विचारलं, "येत नव्हतं तुला?"

"तेवढं नव्हतं येत, आत्या."

"आन् येत नाय असं लिव्हलं?"

"हो."

"मग त्यात ओरडन्यासारखं काय हाय?" त्या आमच्या सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. ललित आणि संजनाही मागून आले होते. "इतकी वरसं हिनं मला भाजीत मीठ हाय म्हनलं तरी मी चाखून बघते. आजपास्नं नाय बघनार." आणि आत जाऊन सुनेसाठी ताट वाढायला लागल्या.

मैना तिथेच उंबऱ्यावर बसली. ह्या खेपेला डोळे पुसले, ते मात्र मी समोरून बघितलं.

निकालाला दीड-दोन महिने गेले. त्या दिवसांत मैना सगळी कामं करायची, पण अर्धी. हार ओवता ओवता मध्येच थांबायची. संजनाचा रोज फोन यायचा, निकालाचं विचारायला नव्हे, उगाच, फुलांचा भाव काय चाललाय म्हणून. सातपूरच्या पोरीला फुलांचा भाव कशाला हवा? ललित नांदगावला गेला होता, तिथून आईच्या हातचे पापड घेऊन आला आणि यशोदाबाईंच्या पुढ्यात ठेवून गेला. मी माझ्या परीने मदत केली: ह्या विषयावर गावात एक शब्द बोललो नाही. आमच्या हिने दोनदा माझा ताप तपासून बघितला.

निकाल लागला तो संध्याकाळी. संजनाच्या फोनवर आधी तिचा आला, मग ललितचा, दोघं पास. मैनाचा उघडायला वेळ लागत होता, साईटवर गर्दी. पोरं फोनवर डोकी लावून, नवनाथ त्यांच्या डोक्यांवरून बघत. मैना लांब, पाण्याच्या टाकीशी. मग ललितने एवढी मोठी आरोळी ठोकली की माझ्या हातातला चहा भिंतीपलीकडे गेला.

पास. थाटात वगैरे नाही, काठावरून थोडं आत. पण पास. संजनाने मैनाला मिठी मारली आणि दोघीही शेवंतीच्या जाळीवर बसल्या, म्हणजे जाळी गेलीच. नवनाथ बायकोजवळ गेला आणि तिच्या पदराला चिकटलेल्या पाकळ्या एकेक काढत राहिला. मैनाला तेवढं पुरलं असावं.

मी ठरवलं, ही बातमी फुलबाजारात सगळ्यांआधी आपण पोचवायची. इतके दिवस तोंड बंद ठेवल्याचं काहीतरी फळ हवंच की. पहाटे उठलो. आमच्या हिने डोळे उघडून विचारलं, कोण गेलं? मी म्हणालो, कोणी गेलं नाही, उलट झालंय. स्कूटर काढली, पंचवटीत पोचलो, पहिल्याच हारवाल्याला गाठलं.

"ऐकलं का? थेट्यांची सून..."

"पदवी झाली ना," तो म्हणाला. "मावशी सांगून गेल्या."

दुसऱ्याला गाठलं. त्यालाही ठाऊक. तिसऱ्याला ठाऊक, वर पेढाही हातात. चहावाल्याने तर मलाच सगळी गोष्ट सांगितली, चुकीची, म्हणजे सून विद्यापीठात पहिली आल्याची. मी बाजारात रांगेने चालत गेलो, आणि पार टोकाला थेट्यांच्या जागेवर यशोदाबाई. एरवी ह्या बाई बाजारात येत नाहीत. डोक्यावर नीट पदर, हातात पेढ्यांचा पुडा, समोर एक गिऱ्हाईक अडकलेलं. त्याला निशिगंधाच्या जुड्या हव्या होत्या आणि त्याला मिळत होती माहिती.

"आवो, तिला एक ठिकानी येत नव्हतं. सरळ लिव्हलं, येत नाय. तरी पास केली त्यांनी! आता बीएडला जानार. रस्त्यापलीकडं शाळा हाय ना, तिथं शिकवनार ती. तुमची पोरं कितवीला हायत?"

"आत्या, पुरे ना आता," मैना मागून म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती, आणि हसू काही आवरत नव्हतं.

मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "मावशी, हे काम माझं होतं."

"तुझं कशाला? सून माझी हाय," यशोदाबाई म्हणाल्या आणि एक पेढा माझ्या तळव्यावर ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मैनाने फुलांनी भरलेली एक जाळी उचलून माझ्यापुढे धरली. "भाऊ, आलाच आहात तर ही टेम्पोतून उतरवलेल्या मालाशेजारी नेऊन ठेवा. आणि बीएडची परीक्षा पास झालेलं कोणी ओळखीत आहे का, तेवढं बघा ना. एकटीने नाही होणार ते."

पेढा तोंडात होता, त्यामुळे मला नुसती मान हलवता आली.